वाट बघायची की कान तपासायचे?

मालवणच्या किनाऱ्यावर मूल उशिरा बोलायला लागलं की घरातलं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं, ‘तेचो बापूसय असोच होतो.’ मग आजोबांचा दाखला निघतो. पाठोपाठ एखाद्या काकाचा, जो चार वर्षांपर्यंत गप्प होता आणि पुढे दशावतारात राजाचं काम करून गाजला. या दाखल्यांत खोटं काही नसतं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे खरोखरच नीट बोलतात. पण सगळी बोलत नाहीत. दोन वर्षांच्या मुलाकडे नुसतं बघून ते कोणत्या बाजूला जाणार, हे आजीला सांगता येत नाही आणि मानसशास्त्रज्ञालाही नाही.

धुरीवाड्यातल्या एका खळ्यात, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, याच वाक्यावरून मावशी आणि भाचीची जुंपली. मावशी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली. गावातली निम्मी तरुण पोरं तिच्या हातचा खाऊ खाऊन मोठी झाली. भाची मुंबईत एका बालविकास केंद्रात काम करते, सुट्टीला आली होती. दोघींची नावं इथे महत्त्वाची नाहीत. अशा मावश्या आणि अशा भाच्या या जिल्ह्यात गावोगावी आहेत. बोलणं अर्थातच मालवणीत चाललं होतं. इथे ते बरंचसं प्रमाण मराठीत आणलं आहे, मावशीची काही वाक्यं तेवढी तशीच ठेवली आहेत.

निमित्त होतं शेजारच्या अडीच वर्षांच्या मुलाचं. ‘आई’ आणि ‘पापा’ यांपलीकडे शब्द नाही. हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. पाणी हवं असलं की आईचा हात धरून कळशीपाशी नेतो.

“हुशार असा तो,” मावशी म्हणाली. “बोलात. वाट बघूक खंय पैशे पडतत?”

“पैसे नाहीत गो मावशे, महिने जातात,” भाची म्हणाली. “आणि ते परत मिळत नाहीत. त्याला ऐकू येतं का, हे कुणी बघितलंय?”

“दाराशी कुत्रो भुकलो तर उठता तो.”

“कुत्रा मोठ्याने भुंकतो. ‘स’ आणि ‘फ’ हळू असतात. मोठे आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात.”

इथे भाचीने एक प्रयोग सांगितला, आणि तो मराठी माणसाने मुद्दाम माहीत करून घ्यावा असा आहे. १९८४ मध्ये कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीत हा फरक नाही. मोठ्या इंग्रजी माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो फरक स्पष्ट कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळपास कळेनासा झाला होता. म्हणजे ‘तूप’ आणि ‘टोप’ यांच्या पहिल्या अक्षरांतला जो भेद आपल्या बाळाला घरच्या बोलण्यातून जपायला मिळतो, तो मेलबर्न किंवा टोरांटोतल्या इंग्रजी घरातलं बाळ वर्षाच्या आत सोडून देतं. बाळ पहिला शब्द बोलण्याच्या आधीच त्याचा कान आपल्या भाषेचा होऊन बसलेला असतो.

“आता ज्या बाळाला ऐकूच कमी येतं, त्याचं हे पहिलं वर्ष कसं गेलं असेल?” भाचीने विचारलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी ऐकू कमी येणाऱ्या १५० मुलांचा अभ्यास केला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोष सहा महिन्यांच्या आत सापडलेली मुलं भाषेत पुढे होती, उशिरा सापडलेली मागे. घर गरीब की श्रीमंत, दोष थोडा की फार, यामुळे हा फरक पुसला गेला नाही. म्हणूनच डॉक्टर पहिल्या महिन्यात कान तपासा, तिसऱ्यापर्यंत निदान करा आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू करा, असं सांगतात.

मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. पण ती हार मानणारी बाई नव्हे, आणि तिच्याकडेही सांगण्यासारखं होतं.

“तुमचे तक्ते कोणाच्या पोरांवरून केले?” तिने विचारलं. “अमुक महिन्यात बसायचं, तमुक महिन्यात रांगायचं. मी वजनाचे तक्ते वर्षानुवर्षं भरले. तक्त्यातल्या रेघेवरून चालणारं पोर मला एकही भेटलं नाही. आमच्या वाडीत एक मुलगी कधी रांगलीच नाही. बसल्या बसल्या सरकायची, आणि एक दिवस उठून चालायला लागली. तिच्या आईला लोकांनी किती घाबरवलं होतं!”

यात मावशी बरोबर आहे, आणि तिच्या बाजूने साक्ष खुद्द जागतिक आरोग्य संघटनेची आहे. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या हालचाली संघटनेने नोंदल्या. निष्कर्ष २००६ मध्ये आले. आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ निघाला ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. दोन्ही टोकांची मुलं धडधाकट. आणि १०० पैकी चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. केनियातल्या किप्सिगिस लोकांत चार्ल्स सुपर यांनी १९७०च्या दशकात पाहिलं, की तिथल्या आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. बसण्यासाठी जमिनीत छोटा खळगा करून त्यात बाळाला टेकवतात. ती बाळं अमेरिकन बाळांपेक्षा लवकर बसत आणि लवकर चालत. पण रांगायला कुणी शिकवत नव्हतं, आणि रांगण्यात ती पुढे नव्हती. आपल्याकडे बाळाला पायांवर आडवं घेऊन खोबरेल तेलाने रगडणारी, मान धरायला लावणारी आजी हेच काम वेगळ्या रीतीने करते.

“म्हणून तर आपले तक्ते वेगळे करावे लागले,” भाची म्हणाली, आणि तिने प्रमिला फाटकांचं नाव घेतलं. हे नाव बालरोगतज्ज्ञांच्या बाहेर फार कुणाला माहीत नाही, ते असायला हवं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बालविकासाचं काम करताना फाटकांनी नॅन्सी बेली यांची अमेरिकन मोजपट्टी जशीच्या तशी उचलली नाही. भारतीय बाळं महिनोन् महिने पाहून त्यांनी पहिल्या अडीच वर्षांसाठी आपली मोजपट्टी १९७० मध्ये सिद्ध केली. सुधारित आवृत्ती १९९७ची. हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ कसोट्या. बाळ डोळ्यांनी कशाचा पाठलाग करतं, वाटीखाली झाकलेली वस्तू शोधतं का, सांगितलेली गोष्ट आणून देतं का, अशा त्या साध्या कसोट्या आहेत. त्यांच्याच बडोद्याच्या कामावरून पुढे तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने अवघ्या १७ कसोट्यांचा एका पानाचा तक्ता केला. तो अंगणवाडी सेविकेला काही मिनिटांत वापरता येतो.

“तक्ता पोराला नापास करायला नसतो,” भाची म्हणाली. “आठ आणि सतरा या दोन्ही महिन्यांना तो हो म्हणतो. अठरावा उलटला तर एकदा दाखवून घ्या, एवढंच सांगतो.”

खरं कारण मात्र मावशीने यानंतर सांगितलं. मुलाला ‘दाखवायला’ नेलं की गावात काय बोललं जातं, हे तिला ठाऊक होतं. आज तपासणीला नेलं, उद्या ‘पोर वेडं आहे’, परवा ‘आवशीन मोबाईल दिल्यान म्हणान असा झाला’. शेवटी खापर त्या पोरीच्या डोक्यावर, जी घर, सासू आणि नवऱ्याचं परगावचं काम सांभाळत आधीच अर्धी झालेली आहे. “तपासा तुम्ही,” मावशी म्हणाली, “पण आधी आवशीक बोल लावणारे गप्प करा.”

या भीतीला शास्त्राच्या इतिहासातच आधार आहे, आणि तो भाचीने प्रामाणिकपणे सांगितला. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचं वर्णन केलं. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ मोठमोठे तज्ज्ञ या मुलांच्या आयांनाच दोष देत राहिले. आईचं मन थंड म्हणून मूल असं झालं, असं म्हटलं गेलं. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये याच सुरात मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, हे कारण मेंदूच्या घडणीत आहे असं पुस्तकभर मांडलं होतं. काळाने रिमलँडना खरं ठरवलं. पण तोवर किती आयांनी स्वतःला गुन्हेगार मानून दिवस काढले असतील! आईला दोष लावायचा नाही ही मावशीची अट भावनेची वाटली तरी शास्त्राला धरूनच आहे. गावात आणि दवाखान्यात, दोन्हीकडे ती पाळली गेली पाहिजे.

त्या अटीवर ठरलं, आधी कान. बाळाच्या कानात छोटी नळी बसवून केली जाणारी ओएई चाचणी दुखत नाही, काही मिनिटांत होते, झोपलेल्या मुलाचीही होते. “बगून घेवया,” मावशी म्हणाली. तिने एवढं म्हटलं म्हणजे शेजारची सासूही तयार होणार.

पण वाद तिथे थांबला नाही. ‘आई’ हा विषय निघाला होता, आणि त्यावर मावशीचं मन भरलेलं होतं.

“तुमच्या पुस्तकात पोराक एकच आवस असा?”

हा प्रश्न सिंधुदुर्गातच जास्त टोकाने विचारला जाऊ शकतो. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यात १००० पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं मुंबईला जाणं आहे. बाप गिरणीत, महिन्याला मनिऑर्डर, गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी घरी. आई लावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात. मग बाळ कुणाकडे? आजीकडे, आतेकडे, काकूकडे, शेजारणीकडे, कधी आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. मावशी स्वतः अशीच वाढली. “आवस माका रातीक दिसायची,” ती म्हणाली. “म्हणून मी काय बिघडलंय?”

भाचीने जॉन बोल्बी यांच्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाने घर हरवलेल्या मुलांवर त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, १९५१ मध्ये. बाळाला आईचा उबदार, सलग सहवास मिळाला पाहिजे, नाहीतर मनाची घडण बिघडते, हे त्यांचं म्हणणं जगभर पोचलं. पोचताना त्यातला अर्धा भाग गळाला. बोल्बींनी ‘आई किंवा कायम तिच्या जागी असणारी व्यक्ती’ असं लिहिलं होतं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४ मध्ये युगांडात कंपालाजवळच्या गावांत २६ कुटुंबांत जाऊन बाळं पाहिली, तेव्हा तिथेही शेतात जाणाऱ्या आया होत्या आणि घरात बाळाला घेणारे अनेक हात होते. ग्लासगोत रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बाळांच्या घरी दीड वर्ष जाऊन नोंदी केल्या, त्या १९६४ मध्ये छापून आल्या. दीड वर्षाच्या बहुतेक बाळांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडलेला होता. तो भरवणाऱ्यावर किंवा दिवसभर जवळ असणाऱ्यावरच जडतो असंही नव्हतं. बाळाने आवाज केला की जो ओ देतो, रडलं की जो येतो, हसलं की जो हसतो, त्याच्यावर जडतो.

“म्हणजे मी म्हणते तेच.”

“अर्धं,” भाची म्हणाली. “हात कितीही असोत, ते ठरलेले हवेत. रोज नवा माणूस असला तर बाळ कुणाचंच होत नाही.”

याचा सगळ्यात कठोर पुरावा रुमानियातून आला. चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत मुलं खच्चून भरलेली होती. पाळीगणिक बदलणाऱ्या बायका आणि पाळण्यांच्या लांब रांगा. बाळ रडायचं आणि कुणी यायचं नाही. मग ते रडणं सोडून द्यायचं. २००० सालानंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधली १३६ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवलं, बाकीच्यांची व्यवस्था होती तशीच राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, मेंदूतल्या विजेच्या लहरी, माणसांशी जोडलं जाणं, सगळं सुधारलं. माणसांशी जोडलं जाण्यात आणि मेंदूच्या लहरींत दोन वर्षांच्या आत गेलेल्या मुलांचा फायदा सगळ्यात मोठा होता. माणसांच्या सहवासाविना मेंदू उपाशी राहू शकतो, हे त्या मुलांनी फार मोठी किंमत देऊन जगाला दाखवलं.

कोकणातल्या त्या जुन्या घरात बाप लांब होता, आई थकलेली होती, पैसा तुटपुंजा होता. पण बाळाने ‘अं’ केलं तर ‘काय रे बाबू?’ म्हणणारं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असायचं. मावशीचा अभिमान खरा आहे.

भाचीचं दुखणं मात्र आजच्या घराबद्दलचं होतं. तारकर्ली, देवबाग, वायरी या पट्ट्यात घरोघर पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. हंगामात आई सकाळपासून पाहुण्यांच्या आंबोळ्या, मासे आणि चादरी यांत. आते-काकू मुंबईत किंवा पुण्यात. उरली एक आजी, गुडघे धरलेली. बाळ तिच्यापुढे, आणि बाळापुढे मोबाईल. यात कुणाचं चुकतं असं नाही, पण ओ देणारे हात कमी झाले आहेत. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. माणूस समोर बसून खेळत बोलला, तेव्हा १२ बैठकींत बाळांचे कान चिनी आवाज ओळखायला लागले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा बाळं काहीच शिकली नाहीत. पडदा ओ देत नाही.

“मगे बापूस बोटीवरसून व्हिडीओ कॉल करता, तो पण बंद?” मावशीने विचारलं, आणि हा प्रश्न या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचा आहे.

“तो नाही,” भाची म्हणाली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको असं सांगताना नातेवाइकांशी होणाऱ्या अधूनमधूनच्या व्हिडीओ कॉलची सूट दिली आहे. त्यामागे कारण आहे. २०१४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं समोरासमोर बोलणाऱ्या माणसाकडून नवे शब्द जशी शिकली, तशीच थेट व्हिडीओवरून बोलणाऱ्याकडूनही शिकली. आधी भरून ठेवलेल्या व्हिडीओवरून शिकली नाहीत. बापाने बोटीवरून ‘काय खाल्लंस?’ विचारावं, मुलाने वाटी दाखवावी, बापाने ‘अरे वा, पेज!’ म्हणावं, हे बोलणं झालं. दोघींनाही हे पटलं, आणि मावशी लगेच आणखी एक तक्रार घेऊन पुढे आली. मुंबईची सून म्हणते, मुलाशी मालवणीत बोलू नका, त्याचं इंग्रजी बिघडेल. यावर भाचीने एका वाक्यात निकाल दिला. घरातली आजी ज्या भाषेत मनापासून बोलते तीच बाळासाठी चांगली, आणि दोन भाषा ऐकल्याने मुलाच्या बोलण्यात दोष येत नाही.

भीतीवरून मात्र दोघींचं जमलं नाही.

खाडीकाठच्या घरांत मुलांना गिऱ्ह्याचा धाक घालतात. पाण्यात गिऱ्हा असतो, एकट्या पोराला ओढून नेतो. मावशी म्हणाली, “पाण्याची भीती होयीच. ‘गिऱ्हो धरतलो’ म्हटल्यावर पोर मागे फिरता. तुमचा शास्त्र थंय उभ्या रवतला?”

हा युक्तिवाद हलका नाही. जगभरात एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत बुडणं येतं, आणि मालवणात समुद्र, खाडी, विहीर, व्हाळ, पावसात भरलेली डबकी सगळं दारात. पण मूल कोणत्या वयात काय समजतं, हे बघितलं की मावशीचा मुद्दा तिथेच अडतो. दीड वर्षाच्या मुलाला गिऱ्हा कळत नाही. त्याला ‘पुढे काय होईल’ याचीच कल्पना नसते. पाणी चकाकतं, ते जातं. ज्या वयात बुडण्याचा धोका सर्वांत जास्त, त्या वयात धाक चालतच नाही. आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला गिऱ्हा नको इतका कळतो. ब्रिटनमध्ये पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना एक रिकामी पेटी दाखवली आणि ‘आत राक्षस आहे असं समज’ म्हणून सांगितलं. ते खोटंखोटं आहे हे मुलांना माहीत होतं. तरी एकटी ठेवल्यावर काही जणांनी पेटी उघडून बघितलीच, खरंच काही आलं असेल तर? या वयात माहीत असणं आणि खात्री असणं यांत फट असते, आणि त्या फटीतून गिऱ्हा रात्री अंथरुणात येतो. दशावतारात काळाकुट्ट संकासुर लाल जीभ लोंबवत आला की पहिल्या रांगेतली पोरं आजीच्या कुशीत शिरतात, तेही याच वयात. तिथे निदान आजीची कूस असते.

धाकाच्या जागी काय ठेवायचं याचं उत्तर बांगलादेशात आहे. तिथे खेड्यांत पाणी घराला लागून आणि बुडणारी मुलं बहुतांश पाच वर्षांखालची. बुडण्याच्या घटना मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान घडत, म्हणजे आई कामात असते तेव्हा. म्हणून त्या चार तासांसाठी ‘आंचल’ नावाची गावपातळीवरची पाळणाघरं सुरू झाली, आठवड्याचे सहा दिवस. एक बाई, एक मदतनीस, गाणी, गोष्टी, खेळ. बुडणं मोठ्या प्रमाणावर कमी झालं. आज जागतिक आरोग्य संघटना हाच उपाय सुचवते. लहानांसाठी देखरेखीची जागा, विहिरीला कठडा, आणि सहा वर्षांपुढच्यांना पोहणं शिकवणं.

मावशीला धाक सोडवेना. “पाळणाघर दुपारी एकाक बंद. मगे?” तिने विचारलं. याचं उत्तर भाचीजवळ नव्हतं. पण या मुद्द्यावर भाचीचीच बाजू खरी आहे. दोन वर्षांच्या मुलाला पाण्यापासून लांब ठेवण्याचं काम कठड्याचं आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यांचं आहे.

अंगणवाडीचा विषय निघाला तेव्हा मावशीचा आवाज बदलला. तिच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या गोष्टी सांगितल्या जात. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. मग शहर सोडून १९४५ मध्ये त्या बोर्डीच्या किनाऱ्यावर गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीची साधनं महाग. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी मराठी मुलखात अंगणात वाडी भरत होती.

“आम्हीही करवंट्या आणि शिंपले मांडायचो,” मावशी म्हणाली. “पोरं आपोआप लहानमोठे लावायची, मोजायची. आता आईबाप विचारतात, एबीसीडी कधी लिहिणार? तीन वर्षांचं पोर पेन्सिल धरून रडतं, आणि बापाला वही भरलेली हवी.”

या ठिकाणी भाचीला वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३०च्या दशकात सांगितलं होतं, की खोटंखोट्या खेळात मूल आपल्या वयाच्या पुढे जातं. पुढे रशियातच मनुइलेंको यांनी मुलांना स्तब्ध उभं राहायला सांगितलं. नुसतं ‘हलू नको’ म्हटलं तर ती थोडा वेळच टिकली. ‘तू पहारेकरी आहेस’ म्हटल्यावर कितीतरी अधिक वेळ उभी राहिली. मालवणच्या वाळूत फाटक्या जाळ्याचा तुकडा घेऊन रापण ओढायचा खेळ खेळणारी पोरं हेच करतात. एक तांडेल, बाकीचे दोन्ही टोकांना. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, दोर सोडायचा नाही, मिळालेली मासळी वाटून घ्यायची. पहिलीच्या वर्गात लागणारा धीर, लक्ष आणि मोजदाद या खेळातून येते. पेन्सिल पाच-सहा वर्षांच्या बोटांना सहज जमते. तीन वर्षांच्या मुलाकडून लिहून घेण्याचा आग्रह सोडायला हवा, आणि अंगणवाडी सेविकेला नोंदी भरण्यापेक्षा मुलांशी बोलायला जास्त वेळ मिळायला हवा. या दोन गोष्टींवर खळ्यातल्या दोघींचं मत एकच होतं.

वाचकाच्या घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर एवढं लक्षात ठेवावं. बारा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखी दोन शब्दांची जोडी नाही, हाकेला ओ नाही, किंवा येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात बंद झालं, तर थांबू नये, आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावं अशी योजना आहे. तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. पुष्कळ घरी ‘आमचं थोडं वेगळं आहे, उगाच चर्चा नको’ म्हणून नेमक्या त्याच दिवशी मुलाला घरी ठेवतात. तसं करू नका. पथक कधी येणार हे सेविकेला विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला स्वतः घेऊन जा आणि कानांची तपासणी मागून घ्या.